कण्हणाऱ्या आजोबांचा अल्बम

माणसाने कशाचा तोरा मिरवावा याला काही धरबंध नसतो. कुणी पोरांच्या मार्कांचा मिरवतो, कुणी डोक्यावर शिल्लक राहिलेल्या केसांचा. या गृहस्थाला तोरा होता कानांचा. ओळखीचे लोक त्याला कानसेन म्हणायचे. तो वरवर "छे, छे, काहीतरीच काय!" म्हणायचा आणि मनातून गूळ खाल्ल्यासारखा खूश व्हायचा.

धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवायचे आणि हा त्यांवर मेण बसवून, एकेक दात रचून, गुलाबी ॲक्रिलिक भरून, घासूनपुसून कवळी तयार करायचा. मोठं चिकट काम. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मात्र दिवसभर रिकामे. त्या रिकाम्या कानांनी त्याने तीस वर्षांत जग पालथं घातलं. कामाच्या टेबलामागे भिंतभर रेकॉर्डी, त्यांच्या शेजारी जुना रेकॉर्ड प्लेअर, आणि टेबलावर कुणाकुणाचे हसरे जबडे.

काय काय ऐकलं त्याने! कुठल्याशा बेटावरच्या कोळ्यांनी होडीच्या फळीवर वल्ही आपटून केलेला अल्बम. कारखाना बंद पडल्यावर तिथल्याच कामगारांनी लोखंडी पट्ट्यांवर वाजवलेला अल्बम, ज्याच्या तीनशे प्रती निघाल्या आणि अडीचशे कुणीच घेतल्या नाहीत. वाळवंटातल्या एका लग्नात जनरेटरच्या घरघरीसकट टिपलेली गिटार. आणि जुनंच असं नाही हो. गेल्याच महिन्यात एका एकोणीस वर्षांच्या पोरीने पांघरुणात बसून संगणकावर रचलेला अल्बम त्याच्या हाती लागला, तर स्वारी चार दिवस हवेत होती. दर शनिवारी सकाळी तो असा एक अल्बम निवडून त्याविषयी पत्र लिहायचा. पत्राचं नाव 'कानोसा'. ईमेलने चारेकशे लोकांना जायचं. अल्बम पुरता तीनदा ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा त्याचा नेम. "जगात इतकी माणसं जीव ओतून गातात," तो म्हणायचा, "आणि ऐकायला कुत्रं नसतं. निदान आपण तरी नीट ऐकावं."

नीट. हा शब्द त्याचा फार लाडका. आता पुढे ऐका.

बारा वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या दुकानात त्याला एक रेकॉर्ड मिळाली. मोठी, ताटाएवढी. तपकिरी पुठ्ठ्याचं पाकीट, त्यावर नाव नाही, गाव नाही, नुसता कोंबडीचा शिक्का. आतल्या लेबलवरही कोंबडी. घरी आणून लावली, आणि त्याच्या हातातला साचा तसाच राहिला. एक म्हातारा गात होता. खोल, जड आवाज, भाषा कुठली ते देव जाणे. प्रत्येक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढत होता. मागे कुणीतरी धप् धप् करून मातीवर काहीतरी आपटत होतं, आणि अधूनमधून एक विचित्र लाकडी वाद्य कुरकुरत होतं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर म्हातारा थांबतो आणि कण्हतो. लांब, पोटातून आलेलं कण्हणं. मग पुन्हा गाणं उचलतो.

कानसेनने तीनदा ऐकलं आणि पत्र लिहिलं. काय लिहिलं! "हा माणूस खाणीत राबलेला असावा. मरणाच्या उंबरठ्यावर बसून तो गातो आहे, आणि तिसऱ्या गाण्यात त्याचं दुखणं गाण्याहून मोठं होतं." लाकडी वाद्यावर तर चार ओळी खर्ची घातल्या. एका निवृत्त प्राध्यापकांनी त्या वाद्याविषयी उलट टपाली दोन पानं पाठवली. वाचणारे रडले. आजवरच्या पत्रांत ते पत्र सगळ्यांत गाजलं.

पण त्या अल्बमवर खरा जीव जडला तो ताईचा. ताई म्हणजे कानसेनची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिचे यजमान, आपले दाजी, शाळेत भूगोल शिकवायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आठ महिने अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना आता किती कळतंय ते सांगता येणार नाही. कदाचित काहीच कळत नसेल. पण तुम्ही बोलत राहा." ती बोलत राहिली. बोलून बोलून घसा बसला की कानसेनने आपल्या प्लेअरवरून काढून दिलेली सीडी लावायची. "आजोबा लावते हं," असं दाजींना सांगून लावायची. तिसऱ्या गाण्यात आजोबा कण्हले की तिला बरं वाटायचं. "घरात आणखी एक कण्हणारं माणूस आहे म्हटलं की सोबत होते रे," ती म्हणायची. दाजी गेले. आजोबा राहिले. तेव्हापासून रोज सकाळी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालताना ताईकडे आजोबा गातात.

तर गेल्या महिन्यात काय झालं, एका छोट्या कंपनीला तो अल्बम नव्याने काढावासा वाटला. विस्मृतीत गेलेले अल्बम हुडकून काढणं हाच त्यांचा उद्योग. कानसेनचं ते जुनं पत्र कुणाच्या तरी हाती लागलं होतं. त्यांनी कळवलं: मूळ रेकॉर्ड जगात बहुधा तुमच्याकडेच आहे, आम्ही आवाज उतरवून घ्यायला माणूस पाठवतो, आणि पाकिटावरचा मजकूर तुम्हीच लिहा. कानसेनचे पाय जमिनीला लागेनात. ताईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "पाकिटावर ह्यांचंही नाव घाल. आठ महिने रोज ऐकलाय त्यांनी तो अल्बम."

मंगळवारी दुपारी कंपनीची बाई आली. तिशीची, खांद्याला गाद्यागिरद्या भरलेली भलीमोठी बॅग, बॅगेत तिचा स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर. तिने आधी कानसेनच्या प्लेअरकडे नजर टाकली आणि म्हणाली, "काका, हे गुलाबी काय लावलंय?"

"वेगाचा खटका ढिला झाला होता," कानसेन म्हणाला. "गाणं चालू असताना मध्येच उडायचा. कवळीचं मटेरियल भरून पक्का करून टाकला. पंधरा वर्षं झाली, हलत नाही."

"तेहतीसवर?"

"मग काय! मोठी रेकॉर्ड तेहतीसच. छोट्या पंचेचाळीसवाल्या मी ठेवतच नाही."

रेकॉर्ड मिनिटाला किती वेळा फिरते त्याचे हे आकडे. मोठी तेहतीस, छोटी पंचेचाळीस, असा सर्वसाधारण रिवाज. बाईने मान डोलावली आणि आपलं यंत्र मांडलं. सकाळी दुसरीकडे ती छोट्या रेकॉर्डी उतरवून आली होती, त्यामुळे तिचा खटका पंचेचाळीसवरच राहिला होता. तिच्या लक्षात नाही, याच्या नाही. तिने सुई टेकवली.

खोलीत एक पोरगी शिरली. शिरली म्हणजे काय, धावतच आली! वीस-बावीस वर्षांची, उंच, खणखणीत आवाजाची. शब्द तिच्या तोंडातून भराभरा उड्या मारत बाहेर पडत होते. मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"वेग! वेग!" कानसेन ओरडला. "अगं, चुकीच्या वेगावर लागलीय!"

"अय्या, सॉरी काका." तिने खटक्याकडे हात नेला, आणि हात मध्येच थांबला. मान तिरकी करून ती ऐकत राहिली. "काका," ती हळूच म्हणाली, "श्वास ऐका."

"कसला श्वास?"

"गाताना ती श्वास घेतेय ना, तो. वेग वाढवलेला असला की श्वास नकली वाटतो, उंदराने घेतल्यासारखा. हा खरा आहे. आणि टाळ्या ऐका. टाळ्यांना खोटं बोलता येत नाही."

कानसेनने ऐकलं. तेवढ्यात मागे ते लाकडी वाद्य वाजलं, आणि त्याने कान टवकारले. ते वाद्य नव्हतंच. त्या कोंबड्या होत्या. अंगणात फिरणाऱ्या, दाणे टिपणाऱ्या, एकमेकींवर खेकसणाऱ्या साध्या कोंबड्या! आणि त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. प्राध्यापकांनी दोन पानं!

"काही छोट्या कंपन्या मोठी रेकॉर्डसुद्धा पंचेचाळीसवर मुद्रित करायच्या," बाई सांगत होती. "आवाज चांगला उमटतो. लेबलवर तसं लिहायचे. यांनी लिहिलंच नाही."

कानसेनला ते ऐकूच येत नव्हतं. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. गाणी त्याला तोंडपाठ होती, आणि यांतलं एकही त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. जिथे म्हातारा धापा टाकायचा तिथे ही पोरगी एका दमात तीन वळणं घेऊन परत जागेवर येत होती. जिथे मातीवर धपधप व्हायचं तिथे चार-पाच बाया टाळ्या देत होत्या, त्यातली एक दर वेळी अर्धा ठोका उशिरा. उन्हातलं अंगण होतं ते. खाण नव्हती, मरण नव्हतं, कुणी म्हाताराच नव्हता. बारा वर्षं हे सगळं याच खोलीत, त्याच भिंतीवर, त्याच तपकिरी पाकिटात गुपचूप बसून होतं, आणि कानसेनच्या अंगावर सरसरून काटा आला. आपण मूर्ख ठरलो याची लाज नंतर वाटणार होती. आत्ता त्याला फक्त आश्चर्य वाटत होतं, लहान पोराला वाटतं तसं, तोंड उघडं टाकून.

मग तिसरं गाणं आलं. मध्यावर पोरगी थांबली, आणि हसली.

ते कण्हणं म्हणजे हसणं होतं. कुणीतरी काहीतरी चावटपणा केला असणार, एखादी कोंबडी पायात आली असणार, कोण जाणे. तिला हसू आवरलं नाही. पोटातून, खळखळून हसली, आणि हसता हसताच गाणं पुन्हा उचललं. बाई स्वतःही हसायला लागली. "किती गोड, काका!" तिने वळून पाहिलं तर कानसेन पांढराफटक पडला होता.

"काय झालं?"

"ताई," तो म्हणाला.

बाई संध्याकाळी गेली. जाताना खऱ्या वेगाची एक सीडी करून देऊन गेली, आणि मजकूर शुक्रवारपर्यंत पाठवा म्हणाली. बुधवारी कानसेनने एका कवळीला वरचे दात खाली बसवले. आपलं नाक कापलं जाणार, चारशे लोकांना 'मी बहिरा होतो' असं लिहावं लागणार, हे त्याला कळत होतं. पण ते परवडलं असतं. लाज दोन महिन्यांत शिळी होते. ताईचं काय? आठ महिने तिने आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून ज्या माणसाची सोबत मानली, तो माणूस म्हणजे कुणा पोरीचं हसू? नवरा तिकडे तळमळतोय आणि घरात कुणीतरी हसतंय? तिच्याकडे दाजींचं म्हणावं असं जे काही उरलं होतं, त्यातला मोठा वाटा त्या कण्हण्यात होता. तोच आपण आता उचलून न्यायचा. न सांगावं, तर अल्बम बाजारात येणार, आणि पहिली प्रत मागणार ती ताईच.

गुरुवारी सकाळी तो तिच्याकडे गेला. आजोबा गात होते. ताई बाल्कनीत कुंड्यांशी बोलत होती.

"अरे, इतक्या सकाळी? चहा टाकू?"

"नको. ताई, बस जरा."

"कोण गेलं?" ताईने झारी खाली ठेवली.

"कुणी नाही गेलं. बस गं तू."

त्याने सांगितलं. आडवळणं घेत, खटका, ॲक्रिलिक, तेहतीस, पंचेचाळीस करत सगळं सांगितलं. ताई भुवया चढवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आजोबा बाई आहेत?"

"हो."

"आणि तू जगाला सांगितलंस, खाणीत राबला म्हणून."

"हो."

"कानसेन कुठला! कप्पाळ तुझं," ताई म्हणाली. "लाव बघू."

"ताई, ते तिसऱ्या गाण्यातलं…"

"लाव म्हटलं ना."

त्याने सीडी बदलली. अंगण, टाळ्या, कोंबड्या सगळं त्या छोट्याशा खोलीत आलं. ताई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती, ओला हात पदराला पुसायचाही विसरली होती. पहिल्या गाण्यात तिचा चेहरा कोरा होता. दुसऱ्यात ओठ किंचित उघडले. तिसरं सुरू झालं आणि कानसेनने नजर खाली वळवली. बहिणीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

पोरगी हसली.

गाणं पुढे गेलं, संपलं, चौथं लागलं. कानसेन म्हणाला, "ताई, चूक माझी आहे. मी तुला ती जुनीच ठेवून देतो. तू तीच ऐक, कुणी तुला…"

"गप बस," ताई म्हणाली. तिने डावा हात वर केला, एक बोट उभं केलं आणि हवेत फिरवलं. गोल, गोल, भराभर.

"हे काय?"

"हे असं करायचे," ती म्हणाली. "हे. आजोबा लावले की पाच मिनिटांत सुरू. डावा हात तेवढा चालायचा ना त्यांचा. बोट वर करायचे आणि असं फिरवायचे. भराभर, भराभर. माझ्याकडे बघत."

कानसेनला अजून उमगलं नव्हतं.

"मला वाटायचं, कूस बदलून हवीय. 'वळवू का?' म्हणायचे आणि वळवायचे. एवढा जड माणूस, मी एकटी. वळवलं की पुन्हा बोट. मग पुन्हा या कुशीवर. पुन्हा बोट! मी वैतागायचे रे. 'आता काय चकरी करू का तुमची?' असं म्हणाले होते एकदा. तर वाकड्या तोंडाने हसले माझ्याकडे बघून. मला वाटलं, हसत नाहीयेत, तोंडच तसं झालंय. डॉक्टर म्हणाले होते ना, कळत नसेल म्हणून."

बाल्कनीतून ऊन आत आलं होतं. आता कुठे कानसेनच्या डोक्यात प्रकाश पडला. दाजी! ज्या माणसाला आपण जन्मभर 'तुम्हाला काय कळतं गाण्यातलं' म्हणून चिडवलं, ज्याची वाचा गेली होती, अर्धं अंग गेलं होतं, त्याने पाच मिनिटांत ओळखलं होतं की ही रेकॉर्ड हळू फिरतेय. आणि तो सांगत होता. आठ महिने, रोज, एका बोटाने सांगत होता, आणि कानसेन म्हणवणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्याला वाटलं, उठून कुणाच्या तरी पाया पडावं.

"पुन्हा लाव," ताई म्हणाली. "तिसरंच लाव."

त्याने लावलं. ताईने डोळे मिटले आणि बोट उचललं. गाण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीचा तो हात डोळ्यांपुढे आणून ती तो जसा फिरायचा तसाच फिरवत होती, घाईघाईने, थोडा थरथरत. आणि बोटाच्या दर फेऱ्याला तिकडे टाळी पडत होती. एक फेरा, एक टाळी. एक फेरा, एक टाळी. एकही चुकत नव्हती.

ताईने डोळे उघडून आपल्याच बोटाकडे पाहिलं. पोरगी हसली, आणि ताईचा बांध फुटला. हसत होती की रडत होती ते कानसेनला सांगता आलं नसतं. तिने भावाचा हात घट्ट धरला.

"अरे, मी रोज बोलायचे त्यांच्याशी," ती म्हणाली. "सगळं सांगायचे. माझं चुकलं कुठे कुठे, तेसुद्धा सांगितलं. माफीसुद्धा मागितली. आणि नऊ वर्षं मला वाटतंय, भिंतीशी बोलले."

"ताई…"

"भिंत नव्हती रे," ताई म्हणाली. "सगळं कळत होतं त्यांना."